चोरी, जबरी चोरी आणि दरोडा : कायद्याच्या पायऱ्या ओळखा

(येलदरी इथं गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत संघटनेच्या वतीनं केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गावांची माणसं येऊ शकली नाहीत, त्यांनी तो गावबैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावा.)



आजचा आपला विषय चोरी हा आहे. रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला हा शब्द काही नवा नाही. सरपणाची मोळी आणली तर चोर. डिंक, मोह गोळा केला तर चोर. बापजाद्यांनी वाहिलेल्या तुकड्यात पेरलं तरी चोर. पारधी भावांना तर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण कुठं काही गेलं की अजून पहिली धाड त्यांच्याच पालावर पडते.

गावात कुणी ‘चोर’ म्हटलं की तो एकच शब्द असतो. ठाण्याच्या कागदावर मात्र ‘चोर’ असं लिहीत नाहीत, तिथं कलम लिहितात. आणि कलमाकलमात लई फरक आहे. २०२४ पर्यंतच्या दंडविधानात ३७९ लिहिलं तर जास्तीत जास्त तीन वर्षं होती. ३९५ लिहिलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. गोष्ट तीच, शेत तेच, माणसं तीच, पण कागदावरचा आकडा बदलला की माणसाचं आयुष्य बदलतं. म्हणून या आकड्यांचा अर्थ आपल्या गावातल्या चार माणसांना तरी पक्का ठाऊक पाहिजे.

चोरी कशाला म्हणतात?

भारतीय दंडविधान १८६० चं, ते २०२४ पर्यंत लागू होतं.  आपल्या मराठवाड्यात निजामाच्या राज्यात त्याचा वेगळा कायदा होता. हा दंडविधान इकडं १९५१ साली लागू झाला. त्याच्या ३७८ कलमात चोरीची व्याख्या होती. त्यात पाच गोष्टी लागतात. एक, वस्तू हलवता येणारी पाहिजे. दोन, ती दुसऱ्याच्या ताब्यात पाहिजे. तीन, त्याची संमती नसली पाहिजे. चार, घेणाऱ्याचा हेतू बेइमानीचा पाहिजे. पाच, वस्तू जागची हलवली गेली पाहिजे. पाचातली एक जरी नसली तरी चोरी होत नाही. ही पाच बोटं लक्षात ठेवा.

पहिलं बोट बघा. हलवता येणारी वस्तू. जमीन हलवता येत नाही, म्हणून जमिनीची चोरी होत नाही. आपण वनजमीन कसतो त्याला ‘अतिक्रमण’ म्हणतात, त्याचा कायदा वेगळा, त्याचा झगडा वेगळा. पण ‘तुम्ही सरकारची जमीन चोरली’ असं कुणी दटावलं तर त्याला सांगायचं, साहेब, कायद्यात तसा गुन्हाच नाही. झाडाचंही तसंच. उभं झाड जमिनीचा भाग आहे, तोवर त्याची चोरी नाही. ज्या क्षणी ते तोडलं त्या क्षणी ते हलवता येणारी वस्तू झालं आणि चोरीचा विषय झालं. कायद्याच्या पुस्तकात उदाहरणही झाडाचंच दिलं आहे.

आता हेच उलट्या बाजूनं बघा. पूर्णेवर हे येलदरीचं धरण झालं, काठची जमीन पाण्याखाली गेली. सावकारांनी आदिवासींच्या जमिनी कागदावर अंगठे घेऊन लाटल्या. त्यालाही या कायद्यात चोरी म्हणत नाहीत, कारण जमीन हलत नाही ना! आदिवासींची गेलेली जमीन परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातले व्यवहार त्यात येतात. त्यात जमीन परत मिळू शकते, पण ती लाटणाऱ्याला चोर म्हणून कुणी कोठडीत नेत नाही. दोन पायल्या ज्वारी नेणारा मात्र चोर. म्हणजे पायऱ्यांचा हा जिना डोक्यावरून ओझं नेणाऱ्यासाठी बांधलेला आहे, हे आधी समजून घ्या.

ताबा आणि मालकी

दुसरं बोट ताब्याचं. कायदा ‘मालकाची वस्तू’ म्हणत नाही, ‘ताब्यातली वस्तू’ म्हणतो. त्यामुळं दोन गोष्टी होतात.

एक आपल्या विरुद्ध जाते. सावकाराकडं हंडा गहाण ठेवला आणि पैसे न फेडता गुपचूप उचलून आणला, तर हंडा आपला असूनही ती चोरी होते. असंच उदाहरण खुद्द कलमाखाली दिलेलं आहे. तेव्हा रागाच्या भरात हे करू नका.

दुसरी आपल्या बाजूची आहे. कर्ज थकलं म्हणून सावकारानं किंवा त्याच्या माणसानं दावणीचा बैल सोडून नेला तर? तो म्हणणार, ‘पैसे आणून दे, बैल घेऊन जा, मी काय चोर आहे का?’ होय, चोर आहे. १८९५ साली कलकत्ता हायकोर्टानं सांगितलं की कर्ज वसूल करण्यासाठी धनकोनं ऋणकोची जनावरं जबरीनं नेली तर ती चोरीच आहे. वसुली करायची तर कोर्टात जावं लागतं. शंभर वर्षांहून जुना हा निकाल आहे. तरीही बैल गेला की आपण सावकाराच्या ओट्यावर जाऊन हात जोडतो. यापुढं ठाण्यात जायचं आणि चोरीची फिर्याद द्यायची.

हेतू आणि हक्काचा दावा

चौथं बोट सगळ्यात मोठं, हेतू. ही वस्तू आपली आहे, तिच्यावर आपला हक्क आहे, असं प्रामाणिकपणे समजून उघडपणे घेतली, तर बेइमानीचा हेतू राहत नाही. पश्चिम बंगालमधल्या एका तळ्याच्या माशांवरून सुप्रीम कोर्टापर्यंत खटला गेला होता. तळं कुणाचं यावरच वाद होता. त्यात कोर्टानं तत्त्व सांगितलं की हक्काचा दावा खरोखरीचा असेल तर चोरीच्या आरोपावर तो चांगला बचाव आहे. पण दावा खरोखरीचा पाहिजे. पकडल्यावर सुचलेला दावा चालत नाही. तो आधीपासून उघड केलेला, लिहिलेला, चारचौघांत सांगितलेला असला पाहिजे. हे पुढं पुन्हा येईल.

पायऱ्या कशा चढतात?

आता २०२४ पर्यंत लागू असलेल्या दंडविधानातल्या पायऱ्या मोजू.

खालची पायरी साधी चोरी. तिला कलम ३७९ होतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. उघड्या शेतातून, खळ्यावरून काही नेलं तर ही पायरी.

तीच वस्तू राहत्या घरातून, तंबूतून किंवा माल ठेवायच्या इमारतीतून नेली तर कलम ३८० होतं, सात वर्षांपर्यंत. खळ्यावरचं पोतं आणि गोदामातलं पोतं, माल एकच, पण शिक्षा दुपटीहून जास्त.

नोकरानं मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर कलम ३८१ होतं, तेसुद्धा सात वर्षांपर्यंत. सालगड्यांनी हे ध्यानात ठेवावं. सालाचा हिशोब मागितला की मालकाला अचानक आठवतं की गोठ्यातून काहीतरी गेलं आहे.

चोरी करता यावी म्हणून कुणाला मारायची, इजा करायची तयारी करून चोरी केली तर ३८२ होतं, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. रात्री घर फोडून चोरी करायला शिरलं तर ४५७ होतं, त्यात चौदा वर्षांपर्यंत. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला तर ४११ होतं, तीन वर्षांपर्यंत. बाजारात स्वस्तात सायकल मिळाली तर विकणाऱ्याकडून चिठ्ठी घ्या.

आता जबरी चोरी. चोरी करताना किंवा माल घेऊन जाताना, त्यासाठीच, कुणाला मारलं, अडवून धरलं किंवा तिथल्या तिथं मारण्याची भीती घातली, तर चोरीची जबरी चोरी होते. तिला कलम ३९२ होतं, दहा वर्षांपर्यंत. हमरस्त्यावर रात्रीची असेल तर चौदा. त्यात प्रत्यक्ष इजा झाली तर ३९४ होतं, जन्मठेपेपर्यंत. इथं ‘त्यासाठीच’ हा शब्द धरून ठेवा. माल टाकून जीव वाचवायला पळणाऱ्यानं मागं दगड भिरकावला तर तो मारहाणीचा गुन्हा होईल, जबरी चोरी होत नाही, कारण तो दगड माल नेण्यासाठी नव्हता.

खंडणी वेगळी. तिच्यात माणूस भीतीपोटी स्वतःच्या हातानं वस्तू देतो. ‘कोंबडी दे, नाहीतर खोट्या केसमध्ये घालतो’ असं खाकी कपड्यातल्या माणसानं म्हटलं आणि बाईनं घाबरून कोंबडी दिली, तर ती खंडणी आहे, २०२४ पर्यंत कलम ३८४ मध्ये तिला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. सरकारी नोकर असला तर लाचेचा १९८८ चा कायदा वेगळा लागतो. आपण याला ‘रिवाज’ म्हणतो. कायद्यानं तो गुन्हा आहे.

वरची पायरी दरोडा. पाच किंवा जास्त माणसांनी मिळून जबरी चोरी केली किंवा करायचा प्रयत्न केला तर कलम ३९५ होतं. जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. त्यात खून झाला तर ३९६ होतं, फाशीपर्यंत. प्राणघातक हत्यार वापरलं तर ३९७ होतं, सात वर्षांच्या खाली शिक्षा नव्हती. दरोड्याची नुसती तयारी केली तरी ३९९ आणि त्यासाठी नुसते जमले तरी ४०२ होतं. साध्या चोरीची तयारी हा गुन्हा नाही, दरोड्याची तयारी हा गुन्हा आहे. सगळ्या जिन्यात हीच पायरी आपल्यासाठी धोक्याची आहे.

पाच माणसं म्हणजे दरोडा नव्हे

आपण एकेकटे जात नाही. पेरायला जातो तर वस्ती मिळून, कापायला जातो तर वस्ती मिळून. एकट्यानं गेलं तर मार खावा लागतो, म्हणूनच संघटना झाली. समजा, वादातल्या जमिनीवर आपण पेरलं, आपणच राखलं आणि कापणीला वीस माणसं गेलो. समोरच्यानं फिर्याद दिली की वीस जणांनी विळे-कोयते दाखवून पीक लुटलं. झाला दरोडा! जिंतूरच्या कोर्टात जामीन मिळणं अवघड, परभणीला सेशन कोर्टात जावं लागतं. खटलाही तिथंच. पोलिसांना आरोपपत्राला ९० दिवस मिळतात. साध्या चोरीत ६० मिळतात. तेवढ्या दिवसांत पेरणी जाते, लेकरांची शाळा जाते, वकिलापायी बकऱ्या जातात. निकाल पुढं काहीही लागो, शिक्षा आधीच भोगून होते.

म्हणून नीट ऐका. पाच माणसं असली म्हणून दरोडा होत नाही. आधी चोरी सिद्ध व्हावी लागते, मग ती धाकानं केली हे सिद्ध व्हावं लागतं, म्हणजे ती जबरी चोरी होते, आणि मग त्यात पाच किंवा जास्त माणसं होती हे सिद्ध व्हावं लागतं. खालची पायरी निसटली की वरच्या सगळ्या पडतात. जे पीक आपल्या ताब्यात होतं ते दुसऱ्याच्या ताब्यातून काढलं असं होत नाही, म्हणजे चोरीच नाही. हक्काचा उघड दावा असेल तर हेतू बेइमानीचा नाही. धाक दाखवलाच नाही तर माणसं पन्नास असोत, दरोडा नाही. आणि पोलिसांनी लिहिलेलं कलम शेवटचं नसतं. आरोप कोणता ठेवायचा हे कोर्ट ठरवतं. तिथं वकिलानं पायरी-पायरीनं बोललं पाहिजे आणि आपण त्याला बोलायला लावलं पाहिजे.

हाच कायदा आपल्यालाही वापरता येतो. आपण पेरलेलं पीक पाच-सहा गुंडांनी येऊन बायामाणसांना मारून कापून नेलं, तर तो दरोडा आहे. फिर्यादीत ‘भांडण झालं’ एवढंच लिहून घेऊ देऊ नका. किती माणसं होती, कुणी काय उगारलं, काय नेलं, हे तिन्ही लिहायला लावा. फिर्याद वाचून दाखवा म्हणा, मगच अंगठा द्या, आणि तिची नक्कल फुकट मिळते ती मागून घ्या.

किमतीला काय किंमत?

या जिन्यात मालाच्या किमतीनं पायरी ठरत नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. कुठून घेतलं, कुणी घेतलं, कसं घेतलं, किती जणांनी घेतलं, यावर ती ठरते. १९९७ साली किंमत दोनच जागी कामाला यायची. २०० रुपयांपर्यंतच्या चोरीचा खटला थोडक्यात चालवता यायचा आणि २५० रुपयांपर्यंतची साधी चोरी कोर्टाच्या परवानगीनं आपसात मिटवता यायची. म्हणून पंचनाम्यात मालाची किंमत किती लिहिली ते बघा. ४० रुपयांच्या मोळीचे ४०० झाले की मिटवायची वाट बंद व्हायची.

आणि भूक? भुकेसाठी या जिन्यात पायरीच नाही. शिक्षा किती द्यायची हे ठरवताना न्यायाधीश ती बघू शकतो, पण तेवढंच.

मजुरीचं घ्या. सालगड्यानं गोदामातून दोन पायल्या नेल्या तर सात वर्षांपर्यंत. मालकानं सालभर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली तर १९४८ च्या किमान वेतन कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. आणि तिला चोरी म्हणत नाहीत. कारण जी मजुरी आपल्या हातात आलीच नाही ती आपल्या ‘ताब्यातून’ गेली असं कायदा धरत नाही. हे बदलायचं तर कोर्टात बदलणार नाही, त्यासाठी रस्त्यावरच यावं लागेल. पण आज कायदा असा आहे हे माहीत पाहिजे.

वनखात्याची केस

वनखात्याची केस बहुतेक वेळा १९२७ च्या वन कायद्याखाली होते. तिथं दोन धोके आहेत. पहिला म्हणजे कलम ६९. वनोपज सरकारचं आहे असंच आधी धरून चालतात, नाही हे आपण सिद्ध करायचं. स्वतःच्या बांधावरचं लाकूड असेल तर सातबारा आणि तोडीची परवानगी घरात नीट ठेवा. दुसरा धोका जबाबाचा. पोलिसापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही. पण वनखात्याचा माणूस कायद्यानं पोलीस धरला जात नाही, त्याच्यापुढं दिलेला कबुलीजबाब वापरला जाऊ शकतो. म्हणून को-या कागदावर अंगठा द्यायचा नाही, वाचून न दाखवलेल्या कागदावर तर नाहीच.

तडजोडीचा दंड घ्यायचा अधिकार रेंजरच्या खालच्या माणसाला नाही. दंड भरला तर पावती घ्या. पावती देत नसेल तर तो दंड नव्हे, ती लाच आहे. कुऱ्हाड, गाडी, बैल जप्त केले तर कशा-कशाची जप्ती झाली ते लिहून मागा. विनाकारण त्रास द्यायला जप्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याच कायद्यात, ६२ कलमात, शिक्षा सांगितलेली आहे. आणि वनजमिनीवरच्या वहितीबद्दल दंडाची जुनी पावती असेल तर ती फेकू नका. आपण त्या साली त्या जमिनीवर होतो याचा तो सरकारनंच दिलेला पुरावा आहे. ३१ मार्च १९७८ ला असलेली वहिती नियमित करण्याचा शासनाचा निर्णय होता, तिथं ही पावती उपयोगी पडायची.

आता करायचं काय?

एक. पेरणीच्या वेळीच गावाची बैठक घेऊन ठराव लिहा. कुणी, कुठं, किती पेरलं. नक्कल तहसीलला द्या आणि पोच घ्या. तलाठ्याला पाहणीपत्रकात नोंद करायचा अर्ज द्या. हाच तुमचा हक्काचा उघड दावा.

दोन. कापणीला दिवसाउजेडी जा. आधी ठाण्याला लेखी कळवा. विळा कापणीचा, तो हातात राहणारच, पण तो कुणावर उगारायचा नाही. काठ्या-कुऱ्हाडी घरी ठेवा. शिवी नाही, धमकी नाही. कुणी अडवलं तर खाली बसा आणि पंचनामा मागा.

तीन. कुणाला धरलं तर पहिला प्रश्न विचारा, ‘कलम कोणतं?’ अटकेचं कारण सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे आणि २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. मॅजिस्ट्रेटनं विचारलं तर मारहाण झाल्याचं तिथंच सांगा. बाई, लहान पोर आणि आजारी माणूस यांना मोठ्या कलमातही जामीन देता येतो, तो मागा.

चार. अनुसूचित जमातीच्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कोर्टात अर्ज करा. वकील आला की त्याला ही पाच बोटं मोजून दाखवा.

पाच. आपल्यातल्या कुणी खरोखर दुसऱ्या गरिबाचं शेरडू, दुसऱ्याच्या शेतातली मोटार नेली, तर संघटना त्याला पाठीशी घालणार नाही. हक्काचा दावा आपण उघड करतो. रात्री लपून नेलेल्या मालावर हक्काचा दावा नसतो. हे आपण पाळलं नाही तर उद्या आपल्या खऱ्या दाव्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

साथींनो, हा जिना आपण बांधलेला नाही. पण त्याच्या पायऱ्या आपल्याला मोजता येतात. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं आपल्या चालू केसांची यादी आणावी : केस कुणावर, कलम कोणतं, तारीख कधीची, मालाची किंमत किती लिहिली. ज्या केसमध्ये दरोड्याचं कलम आहे त्यांचे कागद आधी आणा. आपण एकत्र बसून बघू, कोणती पायरी खोटी आहे ती.

जिंदाबाद!